हॉर्न वाजला की पेन खाली

दूध संस्थेच्या सचिवाला सुट्टी नसते. दसरा, दिवाळी, ग्रहण, मतदान, भावकीतलं मयत, काही असो, पहाटे साडेपाचला शटर वर गेलंच पाहिजे. म्हैस कॅलेंडर बघत नाही. राधानगरीच्या रस्त्याला, भोगावतीच्या काठानं जो उसाचा पट्टा लागतो, त्यात आमचं गाव. घरटी एक-दोन म्हशी, अलीकडं गाईसुद्धा. गावात मला नावानं हाक मारणारी आता आईच्या वयाची चार माणसं उरलीत, बाकी सगळ्यांना मी ‘सेक्रेटरी’.

इथं नेमानं माझं लिहिलेलं काहीतरी येतं हे बघून ओळखीतले काही जण विचारतात, या धबडग्यात लिहायला वेळ कुठनं काढतोस? मी वेळ काढलेला नाही. तो दूध न्यायला येणाऱ्या दूध संघाच्या टेम्पोनं मला दिला आणि टेम्पोच तो रोज ठरल्या वेळी काढून घ्यायचा. त्यातले काढून घेण्याचे उपकार जास्त मोठे, असं माझं आता मत झालंय. ते कसं, तेवढंच आज सांगतो.

सकाळचं काम असं चालतं. अंधारातच माणसं किटल्या घेऊन यायला लागतात. दूध काट्यावर जातं, मग त्यातलं चमचाभर ॲनालायझरच्या नळीखाली. मिनिटभरात पडद्यावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, टक्क्यांत उमटतं. गाईला ३.५ आणि ८.५, म्हशीला ६ आणि ९ हा पाया धरलेला. त्याच्या वर-खाली एकेका पॉइंटला दर हलतो, म्हणून प्रत्येक जण पावतीपेक्षा आधी पडद्याकडं बघतो. माझ्या आधीचे सचिव फॅट काढायचे ते गर्बर पद्धतीनं. काचेच्या नळीत १० मिली गंधकाम्ल, वरनं अलगद १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावून नळी हलवायची, मग हातानं फिरवायच्या यंत्रात घालून गरगर फिरवायची. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना पोटापाशी बारीक बारीक भोकं असायची. मला हे सगळं आयतं मशीन मिळालं. सात वाजून पाच मिनिटांनी आकाशवाणीवर पुणे केंद्राच्या बातम्या लागतात, तेव्हा रांग सगळ्यांत लांब असते. पावणेआठला शेवटची किटली रिकामी होते, कॅनची झाकणं ठोकून बसवली जातात, बेरीज जुळते.

आणि मग टेम्पो यायचा साडेआठच्या आसपास. तोपर्यंत कॅन सोडून जाता येत नाही. घरी जाऊन न्याहारी करून येऊ म्हटलं तरी नाही, कारण शंभरावर घरांचं दूध तिथं उभं. ही पाऊण तासाची सक्तीची बैठक. सुरुवातीची काही वर्षं ती मी पेपर वाचण्यात, नंतर मोबाईल सरकवण्यात घालवली.

लिहायची हौस मात्र कॉलेजपासूनची. रात्री लिहून बघितलं. पहाटे चारला उठणारा माणूस रात्री दहाला काय लिहिणार? पेन वहीवर टेकायचं आणि तिथंच मुक्कामाला राहायचं. मग दुपार. गावात दुपारी माणूस मोकळा दिसला की त्याला कामं सांगणारे लोक कुठनंतरी उगवतात. बायकोनं एकदा दिवाळीला सुंदर कापडी बांधणीची वही आणून दिली होती. ती इतकी सुंदर होती, की तिच्यात लिहावं असं काही सुचेचना. शेवटी तिच्यात पाहुण्यांचे फोन नंबर गेले.

कामाला आली ती संस्थेची जुनी रजिस्टरं. संगणक आल्यावर छापील रजिस्टरांचा एक गठ्ठा कपाटात तसाच पडून होता. लांबच लांब पानं, वर रकाने छापलेले: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, दर, रक्कम. त्यातलं एक काढलं आणि एका सकाळी कॅनच्या शेजारी स्टूल ओढून लिहायला बसलो. रकान्यांच्या रेघांवरनं आडवं. असल्या कागदावर लिहिताना माणूस साहित्यिक होत नाही, हा मोठा फायदा. वहीच सांगते, की बाबा, नोंद कर.

पण टेम्पो आला की खेळ खलास. ड्रायव्हर मुलखाचा घाईचा, आणि त्याचं बरोबरच होतं. ताजं दूध अंगाच्या ऊबेचं असतं. शीतकरण केंद्रात पोचून गार होईपर्यंत त्यात जंतू वाढतच राहतात. मार्च-एप्रिलात वाटेत अर्धा तास जादा गेला, तर तिकडं तपासणीत दूध फुटतं आणि कॅन परत येतो. त्याला पुढं आणखी गावं घ्यायची. त्यामुळं तो वळणावरनंच हॉर्न धरायचा तो दारात येईपर्यंत सोडायचा नाही. ‘एवढं वाक्य पुरं करतो’ ही सोय तिथं नव्हती. शब्द अर्धा असला तर अर्धा. पेन खाली, रजिस्टर कपाटात, आणि दोघांनी मिळून कॅन वर.

पहिले काही आठवडे मी त्या हॉर्नला शिव्या घातल्या. हळूहळू ध्यानात आलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी मला बसल्याबरोबर लिहिता येतंय. ‘आज काय लिहू’ हा प्रश्नच येत नव्हता, कारण कालचं अर्धं वाक्य तिथं तोंड उघडून पडलेलं असायचं.

एक उदाहरण देतो. आमच्याकडं एक आजी येते. तिची एकुलती एक म्हैस भाकड काळात असली, थेंबभर दूध नसलं, तरी आजी रोजच्या वेळेला रिकामी किटली घेऊन येऊन बाकावर बसते. रांग सरेपर्यंत बसते आणि जाते. तिच्यावर मी लिहीत होतो. ‘आजी बाकावर टेकली, किटली पायाशी ठेवली आणि म्हणाली,’ इथपर्यंत आलो आणि हॉर्न. दिवसभर माझ्या डोक्यात, की आजी काय म्हणाली असेल? बिलं काढताना, उसाला पाणी पाजताना तेच. दुपारपर्यंत झकास वाक्य तयार झालं होतं: ‘म्हैस आटली म्हणून पाय थोडंच आटत्यात?’ मी खूश. हे वाक्य त्याच सकाळी सुचलं असतं, तर ते तसंच खाली बसलं असतं आणि कायमचं राहिलं असतं. पण मधे एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी स्टूलवर बसलो, आणि ते वाक्य कथाकथनाच्या कार्यक्रमातलं वाटायला लागलं, टाळ्यांसाठी थांबलेलं. आजी असं बोलत नाही. ती खरंच काय म्हणते? ती काट्याकडं बघते आणि म्हणते, ‘काटा बरोबर हाय न्हवं?’ तिचं दूधच नाही, तरी विचारते. मी तेच लिहिलं आणि पुढचं पान सुरळीत गेलं.

आमच्या गावी एक निवृत्त प्राध्यापक आहेत, इंग्रजी शिकवायचे. दूध घ्यायला येतात, घालायला नाही. त्यांना हे सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेनं हेच सांगून ठेवलंय. पुढं काय होणार हे ठाऊक असेल तिथंच थांबायचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याची काळजी करायची नाही. मी म्हटलं, त्यांच्याकडं टेम्पो नसणार, म्हणून आपल्या मनानं थांबावं लागत असेल. तेव्हा सरांनी मला ट्रोलोप या इंग्रज कादंबरीकाराची गोष्ट सांगितली आणि त्याच्या आत्मचरित्रातल्या काही पानांच्या झेरॉक्स आणून दिल्या. हा माणूस मला फारच जवळचा वाटला, कारण तोही आमच्यासारखा नोकरदार.

अँथनी ट्रोलोप १८३४ साली इंग्लंडच्या पोस्ट खात्यात कारकून म्हणून चिकटला आणि १८६७ पर्यंत तिथंच नोकरीला होता. ब्रिटिश मुलखात रस्त्याकडेला उभ्या पत्रपेट्या आल्या, त्यातही त्याचा हात. १८५२ मध्ये चॅनल बेटांवर त्याच्याच शिफारशीवरनं त्या पहिल्यांदा बसवल्या. ही नोकरी सांभाळून आणि नंतर मिळून त्यानं ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी. उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर, त्याला या कामाचे वर्षाला ५ पौंड जादा. आपल्या यशाचं श्रेय दुसऱ्या कुणाहीपेक्षा त्या म्हाताऱ्याला जास्त, असं ट्रोलोपनं लिहून ठेवलंय. पहिला अर्धा तास कालचं वाचायचं, मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. न्याहारीसाठी कपडे करायची वेळ झाली, की लिहिणं बंद. आठवड्याला किती पानं झाली याची डायरी वेगळी, आणि एका पानात शब्द किती हेही ठरलेलं. एक कादंबरी संपली, की दुसऱ्या दिवशी पुढची सुरू. हे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये आलं आणि वाचकांचा पुष्कळ हिरमोड झाला म्हणतात. लेखक म्हणजे काहीतरी दैवी, आणि हा तर कीर्दखतावणी सांगतोय.

मला त्या कीर्दखतावणीचंच कौतुक वाटलं. पण सगळं पटलं असंही नाही. पाव तासाला २५० शब्द हे आपल्याला जमायचं नाही, आणि जमवायची इच्छाही नाही. मी एका बैठकीत रजिस्टरचं पाऊण पान लिहितो, त्यातलं अर्धं नंतर कापतो. आणि सगळे जण त्या पहाटे साडेपाचाचं कौतुक करतात. लवकर उठण्याचं काय एवढं? आमच्या गावात पहाटे साडेपाचला झोपलेला माणूस दाखवा आणि बक्षीस मिळवा. माझं लक्ष गेलं ते न्याहारीकडं. तो थांबत होता. दिवसाला तीन तास, माणसानं त्याहून जास्त लिहू नये, असं त्यानंच म्हटलंय. एवढा झपाट्यानं लिहिणारा माणूस, पण बैठक लांबवत नव्हता. उरलेला दिवस पोस्टाचा.

शिस्तीवर लिहिणारे लोक बसण्याबद्दल फार बोलतात. बसा, रोज बसा, ठरल्या जागी बसा. उठायचं कधी हे कुणी सांगत नाही. मला विचाराल, तर सवय मोडते ती उठण्यापाशी. एखादा दिवस छान जमतो, माणूस चार तास बसतो, हात दुखेपर्यंत लिहितो आणि उठतो तेव्हा आत काही शिल्लक नसतं. दुसऱ्या दिवशी त्या जागेकडं बघवत नाही. शिवाय कालच्या चार तासांची बरोबरी करायची असते. ती होत नाही, म्हणून मग ‘रविवारी सवडीनं बघू’. गणपतीच्या सुट्टीत गावाकडं येणारे माझे मित्र असंच लिहितात. सुट्टीभर कादंबरी, वर्षभर शांतता.

आता गंमत सांगतो. सचिव माणूस रोज संकलन झाल्यावर एका जुन्या रजिस्टरात मान खाली घालून काहीतरी लिहितोय, हे गावाच्या नजरेतून सुटेल कसं? बाकावर बसणाऱ्यांनी आधी सरळच विचारलं, ‘काय लिवालाय एवढं, सेक्रेटरी?’ मी म्हणायचो, ‘काय न्हाई, असंच.’ दूध संस्थेत ‘असंच’ काही लिहीत नसतात. गावात कुजबुज सुरू झाली, की सेक्रेटरी दुसरा हिशेब ठेवतोय. खरं फॅट एका वहीत, पावतीवर भलतंच. नेमकं त्याच सुमाराला एकाचं फॅट उतरलं होतं, त्यानं चेअरमनकडं तक्रार नेली. पुढच्या मीटिंगला विषय आला. चेअरमन म्हणाले, ‘आणा बघू ती वही.’

मी रजिस्टर आणलं. वाचा म्हणाले. इतक्या वर्षांत मी माझं लिहिलेलं कुणाला वाचून दाखवलं नव्हतं, आणि पहिलं वाचन संचालक मंडळापुढं, तेही आरोपी म्हणून. मधलं एक पान उघडलं. थंडीतली सकाळ होती, धुक्यात रांग, आणि रांगेत एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा किटली घट्ट धरून उभ्या उभ्या झोपलेला. रांग पुढं सरकली, की मागचा माणूस त्याला खांद्याला धरून एक पाऊल पुढं सरकवतोय आणि पोरगा डोळे न उघडता सरकतोय. एवढंच होतं. वाचून झालं. कुणी काही बोलेना. मग एक संचालक म्हणाले, ‘हे वरच्या आळीचं पोरगं न्हवं का?’ दुसरे म्हणाले, ‘तेच की. आई बाळंतपणाला गेलीया, म्हणून त्यो येतोय.’ आणि तिसरे, सगळ्यांत वयस्कर, यांनी विचारलं, ‘फॅट किती लागलं पोराचं?’

मी ते लिहिलंच नव्हतं. आजवर मला मिळालेली समीक्षा म्हणाल, तर एवढीच, पण कामाची.

त्यानंतर मी फॅट लिहायला लागलो. कारण फॅट म्हणजे नुसता आकडा नसतो. सातच्या आसपास लागणारी म्हैस एकदम सहाच्या खाली आली, तर त्या घरात सरकी पेंड परवडेनाशी झालीय, किंवा म्हैस नुकती व्यालीय, किंवा दुधात पाणी शिरलंय. पाणी असेल, तर एसएनएफही सोबत उतरतं. नुसतं फॅट पडलं, तर वैरणीकडं बघायचं. रोजचं चार लिटर घालणारं घर साडेतीनवर आलं, तर पुण्याचा मुलगा घरी आलाय. दोनवर आलं, तर लग्न ठरवायला पाहुणे. संध्याकाळी आलंच नाही, तर मी कुणालातरी घराकडं पाठवतो. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, रोज डोळ्यांसमोरनं जात होतं, पण ते लिहिण्याची गोष्ट आहे असं कधी वाटलं नव्हतं. मी धुकं लिहीत बसलो होतो.

तक्रार तिथंच मिटली. उलट आता बाकावरनं विचारणा व्हायला लागली, ‘आज काय लिवलं?’ हा एक जादा धाक. न लिहिलेल्या दिवशी तोंड चुकवावं लागतं.

दर दहा दिवसांनी बिल असतं. १, ११ आणि २१ तारखेला सकाळी माझ्या टेबलाभोवती जत्रा असते, त्या दिवशी पाऊण तास बिचारा कुठला मिळायला? आधी मी ते दिवस सोडून द्यायचो. पण सुटलेला दिवस एकटा राहत नाही, शेजारच्यालाही बोलावतो. म्हणून बिलाच्या दिवशी एक ओळ, उभ्या उभ्या. अट एकच, ती ओळ त्या दिवसाचीच हवी, कालचं पुढं ओढायचं नाही. ‘आजीचं बिल शून्य. पावती मात्र मागून घेतली.’ अशा ओळींतून पुढं कधी गोष्ट निघते, कधी निघत नाही.

रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिलाय, एकोणिसाव्या दशकाचा पहिला. तो कल्पना-प्रतिभा यांबद्दल काहीच म्हणत नाही. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं काढा, शाई काळीभोर असू दे, पहिल्या अक्षरापासनं ग्रंथ संपेपर्यंत एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसू दे, तरुणपणी फार बारीक लिहू नका कारण म्हातारपणी वाचता येणार नाही. आणि पानाच्या कडेला चहूबाजूंनी जागा सोडा, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडायचं नाही. केवढा व्यवहारी माणूस. मी रजिस्टरात ‘रक्कम’चा रकाना मोकळा सोडतो. कागद झडायची भीती नाही, पण दुपारी घरी वाचताना कापाकापी करायला ती जागा लागते. संगणकावर उतरवतानाही त्या रकान्यातलं बघूनच उतरवतो.

लिहिलेल्याचं पुढं काय, हेही सांगून टाकतो. बरंचसं इथं येतं. वर्षातनं एखादी गोष्ट दिवाळी अंकाला जाते. पहिला मराठी दिवाळी अंक ‘मनोरंजन’चा, १९०९ चा, तेव्हापासून हा एक बरा उद्योग आपल्याकडं चालू आहे, की दिवाळीची गोष्ट लेखकाला पावसाळ्यात संपवावी लागते. संपादकांचा फोन जूनमध्ये, साहित्य पाठवायचं जुलै-ऑगस्टात. नेमकी तीच आमची भातलावणी. चिखलातनं वर येऊन दिवाळीची गोष्ट लिहायची. पाऊण तासाची बैठक नसती, तर मी त्या तारखेची हाय खाल्ली असती. आता जूनमध्ये फोन आला, की जुन्या रजिस्टरात चाळतो. एखादी ओळ, एखादं पान सापडतंच. कोऱ्या कागदापासनं सुरुवात करायची वेळ आलेली नाही.

मग गावात बल्क कूलर आला. स्टीलची मोठी टाकी, कॅनमधलं दूध थेट तिच्यात, जागेवरच ४ अंशाला गार. वीज गेली तर जनरेटर. दूध फुटायची भीती संपली, संघाचा टँकर दिवसातनं एकदा, दुपारी निवांत येतो. सगळ्यांना आनंद झाला, मलाही. आता कसली घाई? पावणेआठला दूध टाकीत गेलं, की मी हवा तेवढा वेळ लिहायला मोकळा.

त्या पावसाळ्यात माझं लिहिणं बंद पडायला आलं. साडेनऊ-दहापर्यंत बसायचो. वेळ आहे म्हणून पहिला परिच्छेद परत लिहायचो, वेळ आहे म्हणून मधेच मोबाईल बघायचो, वेळ आहे म्हणून वाक्य पुरं करायचो, पुढचंही करायचो, सगळं पुरं करून उठायचो. दुसऱ्या दिवशी उघड्या तोंडाचं वाक्य नसायचं. मोबाईलवर साडेआठचा गजर लावून बघितला. गजर आपणच लावलेला, आपणच बंद करतो. टेम्पोला असं गप्प करता येत नव्हतं. शाळेच्या घंटेवर उठायचं ठरवलं, पण शाळेला सुट्ट्या किती. बायकोला म्हटलं, साडेआठला फोन कर. तिनं केला दोन दिवस, तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘तुम्हाला लिवायला बसवायचं का उठवायचं, एक कायतरी ठरवा. मला घरात कामं हायत.’

सुटका केली ती आमच्या संस्थेतल्या मदतनीस पोरानं. तो कॅन धुतो, टाकी धुतो, आणि शेवटी सगळ्या फरशीवर सोड्याचं पाणी मारून खराट्यानं घासतो. दूध सांडलेल्या जागेला वास लागतो, त्यामुळं हे काम चुकत नाही. तो धुलाई दहापर्यंत कधीही करायचा. मी त्याला सांगितलं, माझ्या टेबलाची बाजू सगळ्यांत आधी, बरोबर साडेआठला धुवायची. मी बसलेलो असलो तरी पाणी मारायचं. तो आधी हसला, मग दोन दिवस बिचकत बिचकत बादली घेऊन दारात उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मी वर बघितलं नाही म्हणून त्यानं खरंच पाणी मारलं. चपला भिजल्या, रजिस्टर छातीशी धरून बाहेर आलो. वाक्य अर्धं राहिलं होतं.

तेव्हापासून गाडी परत रुळावर आहे. थंडीत ते पाणी पायावर येतं, तेव्हा टेम्पोचा हॉर्न बरा होता असं वाटतं, पण चालायचंच.

ट्रोलोपचे ५ पौंड मी या पोराला सांगितले. तो म्हणाला, त्याचे आजचे किती? मी विषय बदलला. रविवारी त्याला चौकातली मिसळ ठरलीय, जादा पावासकट. शिवाय त्यानं एक अट घातलीय. दिवाळी अंकात गोष्ट आली, तर त्यात त्याचं नाव नको, त्याच्या म्हशीचं पाहिजे. म्हशीचं नाव त्यानं ‘मॅडम’ ठेवलंय. फॅट ७.२, लाथ मारते. यंदाच्या गोष्टीत तिला कुठनं आणायची, हे अजून सुचलेलं नाही. उद्या बिल नाही, तेव्हा बघतो.